पाहुण्यांचा पिवळा गूळ

शिरूरच्या आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये अजून एक फ्लेक्स लटकतो आहे. त्यावर तीन झेंडे आहेत. एक आपला, एक युरोपातल्या एका श्रीमंत देशाचा आणि एक आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाचा. पहिले दोन ऐसपैस छापलेत. तिसऱ्याला जागा पुरली नाही, म्हणून तो खाली कोपऱ्यात, चहा देणाऱ्या हॉटेलच्या जाहिरातीशेजारी बसवलाय. मी तेव्हाच म्हटलं होतं, बदलून आणा. "मॅडम, कोन बघतंय एवढं," असं उत्तर मिळालं. खरंच कोणी बघितलं नाही. तिने तेवढं बघितलं आणि हसून म्हणाली, "नकाशातही आमचा देश एवढाच दिसतो."

तिचं पुढे सांगते. आधी मी त्यात कशी सापडले ते सांगायला हवं.

मी शिरूरच्या एका कॉलेजात अन्नप्रक्रिया शिकवते. म्हणजे लोणची, जॅम, टोमॅटोचा सॉस आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी रडणारी मुलं. या केंद्राला एक समन्वयक हवी होती, जिला इंग्रजी बोलता येईल आणि जिच्या ओळखीचं एखादं गुऱ्हाळ असेल. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पैशाला पासरी आहेत. पण परदेशी साहेबांना महिनोन् महिने आपल्या रस आटवायच्या काहिलीत डोकावू देणारा मालक शोधून सापडत नाही. माझ्या मामांचं गुऱ्हाळ केडगावच्या पलीकडे आहे आणि मामा भाचीला नाही म्हणत नाहीत. तेव्हा माझी नेमणूक माझ्या पदवीमुळे झाली असं मी घरी सांगितलं, पण ती झाली मामांमुळे.

योजना अशी होती. आपला देश शिकवणारी माणसं आणि यंत्रं देणार, तो दुसरा देश पैसे आणि नियम देणार, आणि तिसऱ्या देशातून लोक येऊन गूळ करायला शिकणार. कागदावर याला संयुक्त तांत्रिक सहकार्य म्हणतात. लग्नाचा खर्च दोन्हीकडे निम्मा-निम्मा ठरला की पंगतीत मीठ कोणी आणायचं यावरून जी मजा होते, तीच इथे रोज व्हायची. प्रोजेक्टरचा बल्ब गेला तर तो यंत्रात मोडतो की साहित्यात, यावर दोन्हीकडून ईमेल यायचे आणि बल्ब शेवटी आमच्या शिपायाने बाजारातून आणायचा. मला तेव्हा हसू यायचं.

तर ती. वयाने माझ्याएवढीच, बोलायला हळू, हसायला मोठ्याने. तिच्या गावाजवळून नदी जाते आणि नदीकाठी बायकांच्या एका गटाचा ऊस आहे. गटाची प्रमुख हीच. पूर्वी लांबच्या साखर कारखान्याची गाडी ऊस न्यायला यायची. मग पुरात पूल वाहून गेला आणि गाडी बंद झाली. तेव्हापासून ऊस शेतातच वाळतो. बायका थोडा तोडून बसथांब्यावर कांड्या विकतात, उरलेला पेटवून देतात. "पेटवताना इतका गोड वास येतो," ती म्हणाली होती, "की मुलं धुराकडे पळत जातात." हे सांगून ती मोठ्याने हसली. मला काही हसू आलं नाही.

तिच्या तुकडीत आणखी तिघे होते, पण ते सरकारी नोकर. शिकले काय, न शिकले काय, त्यांचा पगार चालू. तिचं तसं नव्हतं. ती पास झाली तर गटाला अख्खं गुऱ्हाळ मिळणार होतं, म्हणजे ऊस पिळायचा चरक, काहील आणि धुराड्याची भट्टी. यंत्रं आपली, पैसा त्यांचा. नापास झाली तर काहीच नाही, कारण ही शेवटची तुकडी होती आणि योजना गुंडाळायचं ठरलेलं होतं. पास होण्याची अट एकच. शेवटी दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांसमोर तिने स्वतः एक काहील उतरवायची, त्या गुळाचा नमुना परदेशातल्या प्रयोगशाळेत जाणार आणि त्यात रंगासाठी घातलेलं कुठलंही रसायन सापडता कामा नये.

ही अट वाचून माझा जीव भांड्यात पडला होता. न घालायची गोष्ट घालू नका, एवढंच तर होतं.

केंद्राच्या जीपने आम्ही शिरूरहून निघायचो. न्हावरा, भीमेचा पूल, केडगाव, मग चौफुल्याचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस लागला की ती बोलायची थांबायची आणि बघत बसायची. पहिल्या दिवशी मामांनी तिला नमस्कार केला, तिनेही हात जोडले आणि मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या काय खात्यात गं?"

"सगळं खातात, मामा."

"भाकर?"

"मक्याची खातात. आपल्या भाकरीहून घट्ट असते."

"मग आपलीच हाय की," मामा म्हणाले आणि घराकडे तोंड करून मामींना ओरडून सांगितलं, "आगं, आपल्यातलीच हाय गं!" त्या दिवसापासून ती त्यांना मामा म्हणायला लागली. आमची तिला बोलवायची पद्धत म्हणजे मामांचं "पोरी". त्या शब्दाला ती लांबूनही ओ द्यायची.

तिचा हात चांगला होता. भेंडीची झाडं ठेचून त्याचा चिकट रस काढायचा आणि तो उकळत्या उसाच्या रसात सोडायचा, म्हणजे सगळी घाण वर येते, ही आपली जुनी रीत. ती मामींकडून शिकली. वर आलेली मळी झाऱ्याने काढताना ती एक थेंब रस वाया जाऊ द्यायची नाही. पाक तयार झाला की थोडा पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का बघायचं, यात तिला मजा वाटायची. उत्तर प्रदेशातून आलेला मामांचा गुळव्या, म्हणजे काहिलीवरचा मुख्य माणूस, तिच्या गोळीकडे बघून मान हलवायचा. "दीदी सीख गई," तो मला म्हणाला. मी ते तिला इंग्रजीत सांगितलं तेव्हा ती काहिलीभोवती एक गिरकी घेऊन आली.

घोडं अडलं होतं ते रंगापाशी.

आमच्याकडे गुळाला रंग आणायला एक पांढरी पावडर घालतात. हायड्रोस म्हणतात तिला. उकळत्या पाकात चमचा-दोन चमचे टाकली की काळपट पाक बघता बघता सोन्यासारखा होतो. ती गंधकाची पावडर आहे आणि पोटात जाऊ नये हे मी वर्गात शिकवते. पण बाजारात ढेप फोडून उन्हात धरून बघणाऱ्या आडत्याला मी कुठे शिकवते? काळी ढेप तो पायाने बाजूला सारतो. आमच्याकडे काळा गूळ जनावरांना घालतात, नाहीतर दारूवाले नेतात. काळा गूळ पुण्यात सेंद्रिय म्हणून चढ्या भावाने विकतात हे मी मामांना सांगितलं होतं. त्यावर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. "पुन्याच्या लोकांस्नी काय, काळं दिलं की औशिद वाटतंय," म्हणाले.

त्या दुसऱ्या देशाच्या तज्ज्ञ बाई, उंच, पांढऱ्या केसांच्या आणि बारमाही सँडल घालणाऱ्या, यांनी पहिल्याच दिवशी पावडरचा डबा बघून मला सांगितलं, हे बंद. मी मामांना सांगितलं. मामांनी एका शब्दाने वाद घातला नाही. त्यांनी डबा उचलला, घरात नेऊन कपाटात ठेवला आणि किल्ली मामींच्या कमरेला अडकवली. पुढे प्रशिक्षण संपत येईपर्यंत त्या काहिलीत चिमूटभरही पावडर पडली नाही. मामांचा शब्द म्हणजे शब्द.

फक्त एवढंच व्हायचं, की तिची काहील उतरायची वेळ झाली की मामा विहिरीवरची मोटार बघायला म्हणून निघून जायचे. काळपट तपकिरी ढेपा साच्यातून बाहेर निघायच्या, ती प्रत्येक ढेपेला थोपटायची, आणि मामा लांब विहिरीपाशी पाठ करून उभे. एकदा मामी मला म्हणाल्या, "त्यांस्नी बघवत न्हाई. आपल्या काहिलीतनं काळा गूळ निघतोय, आन् तो पावनीच्या हातात. जेवान जात न्हाई त्या दिसाला." मला ते गमतीचं वाटलं. मी जेवणाच्या सुट्टीत कॉलेजात ते नक्कल करून सांगितलंसुद्धा.

शेवटच्या काहिलीचा दिवस आला. मामांनी अंगण सारवून घेतलं होतं, चिपाडाचा ढीग मागे हलवला होता आणि शेडच्या खांबांना केळीचे खुंट बांधले होते. गावातली चार मोठी माणसं फेटे घालून हजर. आपल्या सरकारचे साहेब आले, तज्ज्ञ बाई आल्या. मला वाटलं होतं अर्ध्या तासात उरकेल. पण आमच्याकडे पाहुणे आले आणि सत्कार झाला नाही, असं होत नाही. ती पहाटेपासून काहिलीपाशी होती. पाक जवळजवळ तयार झाला, आणि नेमक्या त्या वेळी शाल-श्रीफळ सुरू झालं.

साहेबांना शाल, बाईंना शाल, बाईंना फेटा, फेटा नीट बसेना म्हणून पुन्हा फेटा. मग सरपंचांनी भाषण केलं, मी त्याचं इंग्रजी केलं. मग मामी ओटीचं ताट घेऊन काहिलीकडे गेल्या आणि तिला म्हणाल्या, "पोरी, पाच मिनिटं ये. पावन्यांच्या समोर तुझी वटी भरायची हाय." तिने माझ्याकडे बघितलं. काहिलीपासून हलायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. पण मामींच्या हातात खण होता, नारळ होता, गहू होते, आणि सगळी माणसं बघत होती. गुळव्या म्हणाला, "जाओ दीदी, मैं हूँ।" ती आली. मामींनी तिला कुंकू लावलं, तिच्या पदराऐवजी तिच्या रंगीत ओढणीत नारळ घातला. बाईंनी फोटो काढले. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे होते.

तिने परत जाऊन गोळी वळून बघितली, साखळी ओढून काहील कलती केली, पाक निवायच्या वाफ्यात ओतला, घोटला, साच्यांत भरला. सगळं तिने तिच्या हाताने केलं. ढेपा निघाल्या तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. पिवळ्याजर्द, धारेवर ऊन चमकतंय अशा. गावातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मामा विहिरीकडे गेले नव्हते, ढेपांशेजारीच हात बांधून उभे होते. ती एक ढेप हातात घेऊन वरखाली बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "आज वेगळा झालाय." मी मामांना ते सांगितलं. मामा म्हणाले, "खोडव्या उसाचा न्हाई आजचा, लागनीचा हाय. आन् तिच्या हाताला गुन आलाय." मी तिला हे सांगितलं, तोडलेल्या बुडख्याला फुटलेल्या उसापेक्षा नव्या लागणीच्या उसाचा गूळ उजळ होतो हेही सांगितलं, आणि तिने ते मानलं. मीही मानलं. भेंडीने इतका रंग येत नाही हे मला कळायला हवं होतं, पण त्या दिवशी मला फक्त आनंद झाला होता. बाईंनी स्वतःच्या हाताने नमुना पिशवीत भरला.

निकाल आला तेव्हा ती शिरूरच्या वसतिगृहात मायदेशी परतायची तयारी करत होती. आपल्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या गुऱ्हाळाचा नमुना फेल झालाय. गंधक. थोडंथोडकं नाही." तोवर ते आपलं गुऱ्हाळ होतं, त्या दिवशी ते माझं झालं.

मी कोणालाच काही न सांगता एस.टी. पकडून केडगाव गाठलं. मामा लिंबाखाली बाजेवर बसले होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "काय म्हनाले सायब? आवडला का गूळ?"

"मामा," मी म्हटलं, "पावडर घातली होती का त्या दिवशी?"

"मंग!" मामा म्हणाले. त्यांच्या तोंडावर लाजही नव्हती आणि भीतीही नव्हती. "तुमची वटी चालू व्हती तवा. म्या खुनावलं आन् त्यानं टाकली. कुनाला कळलं सुदिक न्हाई."

"पण ती बंद होती ना?"

"शिकायच्या गुळाला बंद व्हती. ती म्या एक दिस तरी घालू दिली का? पर ही काय शिकायची काहील व्हती व्हय? ही तर पावन्यांची. दोन देसांची मोठी मान्सं दारात, आन् त्यांच्या म्होरं काळी ढेप ठिवायची? लेकीच्या हातचं जेवान पावन्यांनी बघायचं आन् त्यात मीठ न्हाई, असं व्हईल ते." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "तिला वाईट वाटाया नगं म्हनून सांगितलं न्हाई. तिला वाटू दे, तिचाच रंग हाय."

गुळव्या मागे उभा होता. "मालिक बोले, मेहमान की इज़्ज़त का सवाल है," एवढंच तो म्हणाला.

माझ्या डोक्यात ओरडायला खूप होतं. मी आतल्या आत संतापले होते. पण समोर बसलेल्या माणसाने आपल्या दारात आलेल्या परक्या पोरीला त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं दिलं होतं. संतापायचं तरी कोणावर? मामींनी चहा आणला आणि मी तो प्यायले.

पुढचे दिवस मी दोन टेबलांमध्ये फिरले. आपल्या साहेबांना खरं सांगितलं आणि म्हटलं, तिची चूक नाही, तिला पुन्हा एक काहील करू द्या. साहेब वाईट माणूस नव्हेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "मॅडम, हे तोंडी सांगितलंत ते ठीक. लेखी देऊ नका. लेखी आलं तर नमुन्यात भेसळ झाली असं होईल, मग चौकशी लागेल, तुमचे मामा अडकतील आणि केंद्रही. आणि एवढं करून तिला यंत्र मिळेल का? नाही. पुन्हा नमुना घ्यायचा की नाही हे तिकडच्यांनी ठरवायचं." मग तिकडच्या बाईंना फोन केला. त्या फोनवर रडल्या. खरंच रडल्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यांच्याविषयी मला कोणी वाईट बोललेलं चालत नाही. त्या म्हणाल्या, "मी तिचे हात बघितलेत. पण नियम नमुन्याला लागतो, माणसाला लागत नाही. पुन्हा नमुना हवा असेल तर तुमच्या देशाने लेखी मागणी करायला हवी. कारणासहित."

कारणासहित म्हणजे मामा. मी पुन्हा साहेबांकडे गेले. ते म्हणाले, कारण न देता मागणी करतो. केली. तिकडून उत्तर आलं, कारण नमूद नाही. दरम्यान योजनेची मुदत संपली. दोघांनीही अतिशय सभ्य भाषेत हात वर केले. भांडायला समोर कोणी वाईट माणूस सापडला असता तर मी चांगली भांडले असते. भांडायला मी काही कमी नाही.

तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. वसतिगृहाच्या व्हरांड्यात ती कपडे घडी करत बसली होती. मी निकाल सांगितला. तिचा पहिला प्रश्न, "माझं काय चुकलं?" मी ठरवून गेले होते की मामांचं नाव घ्यायचं नाही. पण ती एकेक पायरी आठवायला लागली. भेंडी कमी पडली का, मळी राहिली का, भांडं नीट धुतलं नव्हतं का. स्वतःच्या हातांकडे बघत विचारत होती. मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. ओटीचं, पावडरचं, काळ्या ढेपेचं.

तिने हातातला कपडा घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आमच्याकडे पाहुणा आला की उकडलेलं मक्याचं पीठ देतात. एरवी आम्ही कोंड्यासकट खातो. पाहुण्याला कोंडा काढून, पांढरंशुभ्र करून देतो. त्यात कस राहत नाही हे आम्हाला दवाखान्यातल्या बाई दर महिन्याला येऊन सांगतात. तरी पाहुण्याला आम्ही पांढरंच देतो." घडी केलेला कपडा तिने पुन्हा उलगडला. "मामांना सांगू नका."

"का नको?"

"ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. मी त्यांच्या घरी जेवले. तुम्ही मला शब्द द्या."

मी शब्द दिला. आता वाटतं, तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण समोर ती होती आणि देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं.

जायच्या आधी ती मामांना भेटायला आली. मामींनी शिदोरी बांधली. मामा म्हणाले, "गुऱ्हाळ बसलं की नारळ फोडताना फोन लाव. हितनं म्या बी फोडीन." मी त्याचं इंग्रजी करायला लागले, पण तिला ते न करताच कळलं असावं. ती वाकून पाया पडली. हे तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

त्यानंतर मामा मला आठवड्याला फोन करायचे. चरक पोचला का? भट्टी कोण बांधतंय? धुराडं पुरेसं उंच ठेवायला सांगितलं का? मी म्हणायची, होतंय मामा, सरकारी काम आहे, वेळ लागतो. ती मला अधूनमधून फोटो पाठवायची. मुलं, नदी, बायकांचा गट. गुऱ्हाळाविषयी ती काही लिहीत नसे आणि मी विचारत नसे. मामांनी हट्ट धरला म्हणून एका रविवारी केडगावला गेले तेव्हा त्यांना फोनवर त्यातले फोटो दाखवले. गटाच्या बायका हात उंचावून उभ्या होत्या, मागे ऊस. मामांनी चष्मा लावला, फोन जवळ धरला. बायकांकडे त्यांनी बघितलंच नाही.

"आगं," ते म्हणाले, "हिच्या उसाला तुरा आलाय."

मी पुढचा फोटो दाखवायला हात पुढे केला, पण त्यांनी फोन सोडला नाही.

"तुरा येईस्तवर ऊस कोन ठिवतंय? आतनं पोकळ पडाय लागला आसंल. आजून तोडला कसा न्हाई?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चरक बसला न्हाई व्हय?"

"मंजुरी अडकलीय, मामा."

"कुनाची? आपली का त्यांची?"

"दोन्हीकडची."

मामांनी फोन मला परत दिला. बाजेची सैल दोरी ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "तू त्यांच्याम्होरं नीट मांडलं नसशील. तू आपली मऊ बोलतीस." मी मऊ बोलते असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं.

थोड्या दिवसांनी मामा शिरूरला माझ्या दारात उभे. सांगून आले नव्हते. पांढराशुभ्र सदरा, टोपी, आणि काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं. एस.टी.त गर्दी होती म्हणून चौफुल्यापासून उभेच आले होते. पाणीही न पिता त्यांनी गाठोडं टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली.

आत ढेप होती. त्या ढेपेहून फिकट गूळ मी आजवर पाहिलेला नाही. पिवळासुद्धा म्हणवत नव्हता, इतका पांढुरका. स्वयंपाकघरात काडेपेटीसारखा गंधकाचा वास पसरला.

"ही त्या दोन्ही सायबांकडं ने," मामा म्हणाले. "म्हनावं, ह्यो तिच्या हातचाच गूळ हाय, जायच्या आदी करून ठिवलेला. जरा खोटं हाय, पर चांगल्या कामाला हाय. मागच्या टायमाला घाई झाली, रंग जरा हातचा राखला गेला. त्येच्यामुळंच अडलं आसंल. म्हनून ह्या खेपंला हात आखडला न्हाई. आता बघू कसं न्हाई म्हनत्यात."

मी तिला शब्द दिला होता. मी ढेप दोन्ही हातांनी उचलली आणि म्हटलं, "छान झालाय, मामा. उद्याच दाखवते."

"पाऊस-पान्यात भिजवू नगंस," मामा म्हणाले, आणि प्रवासात ढेपेच्या कडेला लागलेली धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले.